घुमटाखालची घरे

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका जुन्या स्नेह्याने गेल्या वर्षी आपल्या नव्या घराची छायाचित्रे पाठवली. घर म्हणजे एका बंद पडलेल्या चर्चमधली सदनिका. टोकदार कमानीची उंच खिडकी मधोमध तोडल्यासारखी दिसते, कारण तिच्या निम्म्या उंचीवर वरच्या मजल्याची जमीन घातली आहे. खिडकीचा खालचा अर्धा भाग याच्या स्वयंपाकघरात आणि वरचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या शयनगृहात. चर्चच्या आवारातल्या काही जुन्या कबरी अजून तिथेच आहेत आणि तिथे पुरलेल्यांच्या नातेवाइकांना येऊ देण्याची अट खरेदीखतातच घातलेली आहे. सोबत त्याने एक प्रश्नही पाठवला होता : दिल्लीत असे काही होऊ शकेल का?

मी उत्तर दिले, की दिल्लीत हे तुमच्या कितीतरी आधी झाले आहे आणि आजही होत असते. फरक एवढाच, की आमच्याकडे त्याचे खरेदीखत होत नाही.

हे गमतीने लिहिलेले नव्हते. कुतुबमिनारजवळच्या मेहरौलीत दोन भावांच्या कबरी आहेत. त्यांतला एक अधम खान, बादशहा अकबराची दाई माहम अनगा हिचा मुलगा. १५६२ मध्ये त्याने अतगा खानाचा खून केला, तेव्हा संतापलेल्या अकबराने त्याला आग्र्याच्या किल्ल्यावरून खाली फेकवले. मुलापाठोपाठ आईही गेली आणि दोघांना मेहरौलीत एकाच घुमटाखाली पुरण्यात आले. १८३० च्या दशकात बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या ब्लेक नावाच्या अधिकाऱ्याने त्या मकबऱ्यात आपला संसार थाटला. जेवणाचे टेबल घुमटाच्या बरोबर मधोमध हवे होते आणि कबरी आड येत होत्या, म्हणून त्याने त्या काढून टाकल्या. पुढे तो जयपुरात मारला गेला. इमारतीत मात्र त्यानंतर विश्रामगृह, पोलीस चौकी, टपाल कचेरी असे एकेक बिऱ्हाड येत राहिले. लॉर्ड कर्झनच्या आदेशाने अखेर ती मोकळी झाली आणि अधम खानाची कबर पुन्हा जागेवर आली. माहम अनगाची आली नाही.

दुसरा भाऊ मुहम्मद कुली खान. त्याचा मकबरा तिथून फार लांब नाही. बाहेरून अष्टकोनी, आतून चौकोनी, अंगावर कोरीव चुनेकाम आणि रंगीत फरशांचे उरलेले तुकडे. मुघल दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी सर थॉमस मेटकाफ याने १८४० च्या दशकात तो विकत घेऊन त्याचे उन्हाळी निवासस्थान केले आणि त्याला ‘दिलकुशा’ असे नाव दिले. यमुनेकाठी त्याचा मोठा वाडा होताच. हे घर पावसाळ्यातल्या मौजेसाठी, आणि शिवाय मेहरौलीत येऊन राहणाऱ्या बहादूरशहा जफरवर नजर ठेवण्यासाठी. थडग्याच्या दालनाचे भोजनगृह झाले, दोन्ही बाजूंना खोल्या जोडल्या गेल्या, जवळच्या लोदीकालीन कबुतरखान्याची होडीघरासाठी डागडुजी झाली आणि बागेची शोभा म्हणून काही खोटे ‘प्राचीन’ मंडपही उभारले गेले. त्याने हे घर नवविवाहित जोडप्यांना मधुचंद्रासाठी भाड्याने दिल्याचेही सांगतात. एका मेलेल्या सरदाराच्या छताखाली मधुचंद्र साजरा करण्याची कल्पना त्या काळच्या साहेबांना विचित्र वाटली नसावी. आज ‘हेरिटेज’ या शब्दाभोवती जी विक्रीकला उभी राहिली आहे, तिचा दिल्लीतला मूळ पुरुष मी मेटकाफलाच मानतो.

त्याची स्वतःची कबर कुठे आहे, हे पाहायचे तर शहराच्या दुसऱ्या टोकाला काश्मिरी दरवाजापाशी जावे लागते. तिथे सेंट जेम्स चर्चच्या आवारात तो विसावला आहे आणि त्याच्या विसाव्यात कोणी भोजनाचे टेबल मांडलेले नाही. चर्चची कथा मराठी वाचकांना जवळची वाटेल. ते बांधले जेम्स स्किनरने. बाप स्कॉटिश, आई राजपूत, आणि उमेदीची वर्षे शिंद्यांच्या चाकरीत गेलेली. १८०० साली उनियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन रणांगणात पडून होता. वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तेव्हा केला. १८०३ मध्ये इंग्रज आणि शिंदे यांच्यात युद्ध पेटल्यावर त्याला शिंद्यांचे लष्कर सोडावे लागले, पण नवस त्याने फेडला. सुमारे ९५ हजार रुपये खर्चून बांधलेल्या या पिवळ्या घुमटाच्या चर्चचे नोव्हेंबर १८३६ मध्ये विधिवत अर्पण झाले. स्किनर वेदीजवळच पुरलेला आहे. १८५७ मध्ये गोळ्यांनी चाळण झालेला शिखरावरचा गोळा आणि क्रूस पुढे आवारात जपून ठेवण्यात आला.

सेंट जेम्समध्ये आजही रविवारची उपासना होते. म्हणूनच त्याच्या सदनिका होण्याचा प्रश्न येत नाही. युरोपातली चर्च रिकामी झाली कारण माणसे यायची थांबली. आपल्याकडे ख्रिस्ती समाज लहान असला तरी त्याची चर्च रिकामी नाहीत. आपल्याकडे डोळा असतो तो इमारतीवर नव्हे, तर तिच्या भोवतीच्या जमिनीवर. जुन्या मिशनांच्या बंगल्यांचे, शाळांचे आणि कबरस्तानांचे भूखंड शहरांच्या ऐन मध्यावर आहेत आणि त्यांच्या विक्रीवरून देशभर न्यायालयीन खटले चालले आहेत. मजबूत भिंती आणि घुमट असलेली, प्रार्थना किंवा मूळ हेतू सरलेली, बेवारस वास्तू दिल्लीत कुठे सापडते, असे विचाराल तर ती चर्चमध्ये नाही, मकबऱ्यांमध्ये सापडते.

अशा किती? पुरातत्त्व खात्यातले मौलवी जफर हसन यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, नवी राजधानी वसत असताना, दिल्लीतल्या वास्तूंची चार खंडांत यादी केली. तिच्यात तेराशेहून अधिक नोंदी आहेत. मालक कोण, अवस्था काय, जपावी की जपू नये, असा शेराही प्रत्येकीपुढे आहे. ‘इंटॅक’ने १९९९ मध्ये केलेल्या यादीत सुमारे बाराशे वास्तू आहेत. केंद्राच्या संरक्षणाखाली मात्र त्यांतल्या पावणेदोनशेच्या आसपास. उरलेल्यांपैकी काहींना महापालिकेच्या वारसा यादीचे थोडेफार कवच आहे आणि बाकीच्यांना शेजाऱ्यांच्या चांगुलपणाचे.

या शेजाऱ्यांबद्दल सरसकट बोलणे मात्र अन्यायाचे होईल. १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा यांत हजारो निर्वासित राहिले. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. दक्षिण दिल्लीतल्या जमरूदपूरसारख्या गावठाणांत लोदीकालीन घुमट आज चारी बाजूंनी घरांनी वेढलेले आहेत. कुणाची भिंत मकबऱ्याच्या भिंतीला टेकलेली, कुणाचे सामान आत रचलेले. या गावांची शेती राजधानीने घेतली आणि गावठाणाला ‘लाल डोऱ्या’ची रेघ आखून बांधकामाच्या नियमांबाहेर ठेवले. गावाची वाढ झाली ती आतल्या आत. पाचशे वर्षांच्या घुमटाला लागून खोली काढणाऱ्या माणसाने गुन्हा केला असे म्हणता येईल, पण तो गुन्हा करण्याची वेळ त्याच्यावर कोणी आणली, हेही त्याच दमात सांगावे लागेल.

डिफेन्स कॉलनीतल्या ‘गुमटी शेख अली’ला हे लागू होत नाही. म्हणून तिची हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

ही लोदीकालीन अष्टकोनी वास्तू जफर हसन यांच्या यादीत आहे. पुढे तिच्या भोवती सैन्यदलातील अधिकाऱ्यांसाठी वसाहत उभी राहिली. आज ती दिल्लीच्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रहिवासी संघटनेने गुमटीत आपले कार्यालय थाटले. खोटे छत, विजेची जोडणी, दिवे, पंखे, लाकडी सामान, सगळे यथासांग आले. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरवण्याचा इरादा जाहीर केला. संघटनेने हरकत घेतली आणि २००८ मध्ये सर्वेक्षणाने प्रस्ताव सोडून दिला. स्मारकाचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या खात्याने स्मारकात बेकायदा बसलेल्यांच्या हरकतीवरून माघार घ्यावी, याला काय म्हणावे? एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये थेट सीबीआयला चौकशीला लावले आणि अहवाल आल्यावर पुरातत्त्व सर्वेक्षणाला कठोर शब्दांत जाब विचारला. वास्तूची किती हानी झाली हे ठरवण्याचे काम इतिहासकार स्वप्ना लिडल यांच्याकडे सोपवले गेले. संघटनेला जागा सोडावी लागली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तिला ४० लाख रुपये दिल्ली सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे भरण्याचा आदेश दिला. महापालिकेचेही एक कार्यालय त्याच आवारात होते. तेही हलवण्यास न्यायालयाने फर्मावले.

निकालाचे सर्वत्र स्वागत झाले, मीही केले. पण एका घुमटाला मोकळे करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ आणि सीबीआय खर्ची पडत असेल, तर हा उपाय आणखी हजार वास्तूंना पुरणार नाही.

साठ वर्षे संघटनेने तिथे जे केले त्याला परवानगी कोणी दिली होती? कोणी नाही. कोणी नाकारली होती? कोणी नाही. भाडे ठरले नाही, मुदत ठरली नाही, खिळा कुठे ठोकायचा आणि कुठे नाही, हे कोणी सांगितले नाही. मेटकाफने निदान वास्तू विकत तरी घेतली होती. वास्तूंचे रूपांतर होतेच. दिल्लीसारख्या शहरात ते थांबवता येत नाही आणि माझ्या मते थांबवूही नये. ते कोणाच्या संमतीने, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या खर्चाने व्हायचे, हे ठरवण्याची व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

आपल्या कायद्याला दोनच कप्पे ठाऊक आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली वास्तू एकदा संरक्षित झाली, की तिचा कोणताही नवा उपयोग जवळपास अशक्य होतो. २०१० च्या दुरुस्तीने तर तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आणले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की आपल्या गल्लीतली वास्तू संरक्षित होऊ नये, असे आजूबाजूच्या प्रत्येक घरमालकाला मनापासून वाटू लागले. घराच्या डागडुजीसाठीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या व्यवस्थेकडे अर्ज करावा लागणार असेल, तर शेजारचा घुमट हळूहळू कोसळलेलाच बरा, असा हिशेब सामान्य माणूस करतो. संरक्षित नसलेल्या वास्तू दुसऱ्या कप्प्यात पडतात, आणि तो कप्पा रिकामा आहे.

पहिल्या कप्प्यातल्यांचीही खात्री नाही. २०२२ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाने संसदीय समितीला सांगितले, की ३६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० बेपत्ता आहेत. त्यातली १४ शहरीकरणाने गिळली, १२ धरणांखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. २०२४ मध्ये सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून वगळण्याचे जाहीर केले. त्यांत दिल्लीतली दोन होती : बाराखंबा कबरस्तान आणि कोटला मुबारकपूरची इंचला वाली गुमटी. संरक्षित असलेली एक गुमटी हरवली आणि संरक्षण नाकारलेली दुसरी गुमटी टिकली. टिकली ती आत कोणीतरी बसले होते म्हणूनच, असे संघटनेच्या बाजूने बोलणारे म्हणतात. हे म्हणणे मला आवडत नाही, पण ते पूर्ण खोटेही नाही. माणसाचा वावर असलेली वास्तू कोसळायला वेळ लागतो.

माझ्या स्नेह्याच्या देशात ही व्यवस्था कशी चालते, हे मी त्याच्याकडून आणि नंतर कागदपत्रांतून समजून घेतले. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६ हजार चर्चपैकी १९६९ पासून दोन हजारांच्या घरात उपासनेसाठी बंद झाली. चर्च बंद करायचे तर त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर कोणालाही हरकत नोंदवता येते, चर्चला न जाणाऱ्यालाही. पुढे त्या वास्तूचे काय करायचे, यासाठी पुन्हा स्वतंत्र योजना आणि पुन्हा हरकती. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अपील जाऊ शकते. पुरलेल्या देहांचे काय करायचे, हे लेखी ठरते. विक्रीच्या करारात पुढच्या वापरावर अटी असतात. याशिवाय स्थानिक नियोजन खात्याची परवानगी वेगळी लागते. सर्वांत मौल्यवान अशी साडेतीनशेवर चर्च कोणालाही न विकता एका न्यासाकडे दिली गेली आहेत. उरलेल्यांतली काही सामाजिक केंद्रे होतात, काही दुसऱ्या ख्रिस्ती पंथांकडे जातात आणि काही घरे होतात. आलिशान घरांच्या जाहिरातींत आपल्याला दिसतात ती अर्थात शेवटची.

ही घरे मला फारशी रुचत नाहीत, हे सांगून टाकतो. सगळ्या गावाचे लग्न-बारसे जिथे झाले, त्या दालनाची किल्ली एका कुटुंबाच्या खिशात जाणे, ही समाजाची हानीच आहे. अर्धी कापलेली खिडकी पाहून मी चरकलो होतो. पण ती कापण्यापूर्वी ज्यांना बोलायचे होते त्यांना बोलण्याची संधी होती आणि पैसे कुठे गेले ते कळते. कर्झनच्या हुकमाची वाट पाहावी लागली नाही.

दिल्लीत असे करायचे तर अडचणी जास्त आहेत आणि त्या कमी लेखून चालणार नाही. बहुतेक मकबरे मुस्लिम इतिहासाचा भाग आहेत, कित्येकांवर वक्फचा दावा आहे. आजच्या वातावरणात एखाद्या घुमटाचा वापर बदलण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे जमाव उभे राहतील. २०१८ मध्ये सफदरजंग एन्क्लेव्हजवळच्या हुमायूंपूरमध्ये एक जुना घुमट पांढऱ्या आणि भगव्या रंगाने रंगवून त्यात मूर्ती ठेवल्याचे उघडकीस आले, तेव्हा हे दिसले होतेच. १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा एका धर्माच्या स्थळाचे दुसऱ्या धर्माच्या स्थळात रूपांतर रोखतो. पण जिथे प्रार्थना होत नाही, कधी होतही नव्हती, अशा कबरीच्या दालनाचे पुढे काय, याची कार्यपद्धती त्यात नाही. ती वारसा कायद्यातच यायला हवी.

नमुने शोधायला लांब जाण्याची गरज नाही. सेंट जेम्सपासून थोड्याच अंतरावर दारा शिकोहचे ग्रंथालय आहे. शहाजादा गेला, मग इंग्रज रेसिडेंट डेव्हिड ऑक्टरलोनी तिथे राहिला, त्याने पुढे युरोपीय धाटणीचे खांब लावले. नंतर महाविद्यालय, शाळा, सरकारी कचेऱ्या. आता २०२३ पासून तिथे फाळणीचे संग्रहालय आहे. प्रत्येक वापराची खूण भिंतींवर आहे आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. पुरानी दिल्लीत एका हवेलीची डागडुजी होऊन २०१६ मध्ये तिचे हॉटेल झाले. ते महाग आहे, पण शेजारच्या कोसळत्या हवेल्यांपेक्षा उभे आहे. मुंबईने १९९५ मध्ये देशात प्रथम वारसा नियमावली लागू केली. वास्तूंची प्रतवारी करून कोणत्या प्रतीत आतले बदल चालतील आणि कोणत्यात नाही, हे तिने लिहून ठेवले. मालकाच्या बुडालेल्या चटईक्षेत्राबद्दल हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूदही केली. तिची अंमलबजावणी कशी झाली, यावर मुंबईकर वाचक माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील. दिल्लीच्या इमारत नियमांतही वारसा समिती आणि प्रतवारी आहे, पण मकबऱ्याला मालक नाही, त्यामुळे अर्ज करणाराच कोणी नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. दिल्ली सरकारच्या २००४ च्या स्वतःच्या स्मारक कायद्यात तिसरा कप्पा जोडावा. यादीतल्या पण संरक्षण नसलेल्या वास्तू ठरावीक मुदतीच्या वापर करारावर द्याव्यात : वस्तीच्या वाचनालयाला, दवाखान्याला, पाळणाघराला, आणि हो, रहिवासी संघटनेलाही. भाडे त्याच वास्तूच्या दुरुस्तीत जावे, मूळ दगडाला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागावी, आठवड्यातून काही तास दार सर्वांना उघडे असावे आणि कबर जिथे आहे तिथेच राहावी. राहण्याचे घर मात्र नको. घर एकदा झाले, की दार लागते. जमरूदपुरात ज्यांची घरे आधीच चिकटली आहेत, त्यांना बुलडोझर दाखवण्याआधी पर्यायी जागा द्यावी, आणि घरांच्या दुरुस्तीची परवानगी देणारी खिडकी गावातच असावी.

हे सगळे मी स्नेह्याला लिहून पाठवले. त्याचे उत्तर त्रोटक होते. गेल्या रविवारी एक म्हातारी बाई फुले घेऊन आली, अर्धा तास आवारात बसली आणि जाताना त्याच्या बायकोने तिला चहा दिला, असे त्याने कळवले. त्याच आठवड्यात मी मेहरौलीला गेलो होतो. अधम खानाच्या मकबऱ्यात मुले लपाछपी खेळत होती. तिथली माणसे या वास्तूला भूलभुलैया म्हणतात. घुमटाखाली एकच कबर आहे. दुसरी कुठे होती, हे दाखवणारा एकही फलक मला तिथे दिसला नाही.